मेळघाटातल्या शाळेत संगणक आणि इंग्रजी शिकवायला जायचं असेल तर

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी अमरावतीहून चिखलदरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवायला जाते. हे कळलं की लोक विचारतात, "ताई, आम्हालाही यायचंय, सोबत काय आणू?" त्यांना मी उलट विचारते, तुम्ही परत गेल्यावर पुढच्या सोमवारी त्या वर्गात काय चालू राहील? याचं उत्तर आधी शोधा. सामानाची यादी त्यातूनच निघते.

कधी जायचं ते आधी ठरवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले आठवडे पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि प्रवेशाच्या कागदांत जातात. दिवाळी झाली की बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, मुलं त्यांच्यासोबत जातात आणि हजेरी उतरते. होळीला माणसं परत येतात, पण होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण आहे. फगव्याच्या, म्हणजे होळीनंतर वर्गणी मागत फिरण्याच्या दिवसांत जादा वर्ग भरवायचा हट्ट धरू नका. पोळा ते दिवाळी हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो.

परवानगी तोंडी घेऊ नका. मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीसमोर बोला, केंद्रप्रमुखांना कळवा आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला कोणी मागितला नाही तरी जोडा. अनोळखी माणूस आपल्या लेकरांत येतोय, तेव्हा गावाला तो दाखला बघायचा हक्क आहे. मुलांना एकटं खोलीत बसवून शिकवायचं नाही, त्यांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. डबा आपला आपण न्यावा. पहिली ते पाचवीच्या पोषण आहारात एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ मोजून येतो, त्यात पाहुण्याचं ताट बसत नाही. मुक्काम करणार असाल तर ज्यांच्या घरी जेवाल त्यांना पैसे आधी सांगून, ठरवून द्या.

आता सामान. नवीन काही विकत घेण्याआधी शाळेचं कपाट उघडून बघा. कुठल्या ना कुठल्या योजनेतून आलेला टीव्ही, प्रोजेक्टर, दोन-चार टॅब आत असतातच आणि बहुतेक वेळा बंद असतात. बंद असण्याची कारणं फार साधी असतात. रिमोटमधले सेल फुटून आत पांढरी पूड साचलेली असते, जोडणीची केबल कोणीतरी नेलेली असते, टॅबचा पासवर्ड बदली झालेल्या सरांसोबत गेलेला असतो.

आमच्या शाळेतला टीव्ही वीज गेली की लगेच बंद पडायचा आणि वीज तर रोजच जायची. इन्व्हर्टर खराब आहे असं सगळे धरून चालले होते. मी बॅटरीचं झाकण पुसलं तर आतल्या पाण्याची पातळी दाखवणारे सहाही तरंगते दर्शक लाल खुणेच्या खाली गेलेले. आत आम्ल असतं म्हणून मुलांना दाराबाहेर उभं केलं, इन्व्हर्टर बंद केला आणि परतवाड्याहून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर सरांच्याच हातून एकेका भोकात ओतवलं, हिरवी खूण वर येईपर्यंत. विहिरीचं पाणी का चालत नाही ते मुलांनी बाहेरूनच विचारलं, सरांनी क्षारांबद्दल सांगितलं. विज्ञानाचा तास तिथेच झाला. रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीवर दुसऱ्या दिवशी टीव्ही दुपारच्या सुट्टीपर्यंत चालला. पाणी सरांनी ओतलं हे महत्त्वाचं, कारण पुढच्या वेळी ते कोणाची वाट बघणार नाहीत.

यंत्रं वाटून शिक्षण होत नाही हे जगाने मोठा खर्च करून पाहिलंय. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची जी जागतिक मोहीम निघाली, तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटमध्ये झाला. पेरू देशाने त्याच मोहिमेतले ८ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये तिथल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. म्हणून मी आधी शिक्षकाशेजारी बसते.

शिक्षक वस्तू कुलपात ठेवतात त्यामागे आळस नसतो. वस्तू मोडली तर तपासणीत जाब त्यांनाच द्यावा लागतो. तुम्ही जुने लॅपटॉप देणार असाल तर दानपत्र लिहून द्या. त्यात स्पष्ट लिहा की वस्तू मुलांनी हाताळण्यासाठी आहे आणि वापरात खराब झाली तर शिक्षकावर जबाबदारी नाही. साठा नोंदवहीत तशीच नोंद करून घ्या. या एका कागदाने कपाटं उघडलेली मी पाहिली आहेत.

लॅपटॉप जुना असला तरी बॅटरी दीड-दोन तास टिकणारी हवी. त्यात विंडोजऐवजी लुबंटू किंवा लिनक्स मिंट एक्सएफसीई यांसारखी हलकी, मोफत प्रणाली टाका, म्हणजे कमी ताकदीच्या यंत्रावरही काम होतं. लहान मुलांसाठी जीकॉम्प्री हे शैक्षणिक खेळांचं आणि टक्स पेंट हे चित्रांचं सॉफ्टवेअर, मोठ्यांना लिहिण्या-मांडण्यासाठी लिब्रे ऑफिस. मेळघाटातलंच हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं, पण आतल्या गावांत अजूनही रेंजसाठी टेकडी चढावी लागते. त्यामुळे सगळं इंटरनेटशिवाय चालणारं घरूनच भरून न्या: किविक्स या ऑफलाइन वाचन-ॲपवर मराठी विकिपीडिया, कोलिब्री या ऑफलाइन शिक्षण-ॲपवर धडे, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी आणि इंग्रजी गोष्टी. बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय काहीही जोडू नका.

एका यंत्राभोवती चार-पाच मुलं बसवा. माउस सगळ्यात दांडग्या पोराच्या हातात जातो आणि मुली मागे सरकतात, हे पहिल्याच दिवशी दिसेल. आमच्याकडे नियम आहे: ज्याच्या हातात माउस, त्याने बोलायचं नाही. बाकीच्यांनी सांगायचं, त्याने करायचं, आणि एक चित्र झालं की हात बदलायचा. सांगण्याची पाळी आली की गप्प बसणाऱ्या मुली बोलायला लागतात.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. पण इथल्या मुलांच्या घरात कोरकू बोलतात, शाळेतली मराठीच त्यांना नवी आणि इंग्रजी तिसरी. आधी मूल मराठी कुठवर वाचतं ते पाहा. मुलांना कितपत वाचता येतं हे देशभर बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासतात, तीच पद्धत घ्या. जे मूल मराठी शब्दावर अडखळतं त्याला इंग्रजी स्पेलिंग घोकायला लावलं तर ते दोन्हीकडून तुटतं. त्याच्याशी इंग्रजी फक्त बोला. 'स्टँड अप', 'ओपन द डोअर', 'गिव्ह मी द रेड चॉक' म्हणा आणि ते करा. आपणही त्यांचे पंचवीस-तीस शब्द शिकून जावे, मुलं मोठ्या हौसेने शिकवतात.

वाचनाला सुरुवात करताना मी बिस्किटाचे कागद, रिचार्जच्या जाहिराती, औषधाच्या पट्ट्या घेते. बॅटरी, चार्जर, बॉल, विकेट हे शब्द मुलांच्या तोंडी आधीच असतात, तेच कागदावर दाखवले की अक्षरं ओळखीची होतात. नंतर बालभारतीचं पुस्तक, आणि तेही मॅडम जो धडा घेत असतील तोच. स्वतःचा वेगळा अभ्यासक्रम आणू नका.

सहावी-सातवीच्या मुलांसोबत करण्यासारखं सगळ्यात चांगलं काम सांगते. घरी आजीकडून एक गोष्ट कोरकूत फोनवर रेकॉर्ड करून आणायची. वर्गात ऐकून ती देवनागरीत कोरकूतच टाइप करायची, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर. मग मराठीत लिहायची, आणि शेवटी इंग्रजीत फक्त पाच वाक्यं. टक्स पेंटमधलं चित्र जोडून पान छापायचं. टायपिंग, फाइल जपून ठेवणं, भूतकाळाची वाक्यं, सगळं त्यात येतं, आणि पान घरी गेलं की आईवडील शाळेत यायला लागतात. आजीची परवानगी घेतल्याशिवाय गोष्ट गावाबाहेर पाठवायची नाही.

निघायच्या आधीचा आठवडा शिकवू नका. तास सर किंवा मॅडम घेतील, तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि विचारलं तरच उठा. सगळे पासवर्ड जसेच्या तसे लिहून मुख्याध्यापकांच्या वहीत ठेवा. बॅटरीत पाणी कधी घालायचं त्या तारखा इन्व्हर्टरच्या बाजूला चिकटवा. सातवीतला एक आणि सहावीतली एक अशी दोन मुलं यंत्रं लावण्या-काढण्यासाठी तयार करा, कारण सातवीतलं पोर पुढच्या वर्षी आश्रमशाळेत किंवा हायस्कुलात जाईल. अडचण आली तर फोन सरांनी करायचा आणि तुम्ही उचलायचा, रविवार असला तरी.