जळगावात जावा शिकायला नवीन आलात? फाईल वाचण्याआधी हे वाचा

मी 2009 साली रत्नागिरीकडून नोकरीसाठी जळगावात आलो आणि इथलाच झालो. संध्याकाळी घरी चार-पाच मुलं जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतात, कुणी शहाद्याचं, कुणी रावेरचं, कुणी माझ्यासारखं थेट बाहेरचं. खोली, मेस, शेवभाजीचा तिखटपणा यांची महिन्याभरात सवय होते. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा अभ्यास सकाळीच उरका. खरी अडचण येते ती फाईल वाचायच्या पहिल्या प्रोग्रामपाशी.

मी नवीन असताना शेजारच्या आजींनी ‘आंडोर’ कुठे गेला विचारलं, तेव्हा मी अंडी शोधायला लागलो होतो. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा. कंपायलरची, म्हणजे आपला कोड तपासून यंत्राला समजेल असा करणाऱ्या प्रोग्रामची, भाषाही अशीच आहे, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचा तिथे वेगळा अर्थ असतो.

‘रीच्ड एंड ऑफ फाईल व्हाइल पार्सिंग’ ही एरर घ्या. ती दिसली की मुलं लगेच जी वाचायची आहे ती डेटाची फाईल, समजा केळीच्या भावाची टेक्स्ट फाईल, उघडतात, खाली रिकाम्या ओळी घालतात. भाऊ, त्या बिचाऱ्या फाईलला कंपायलरने अजून हातही लावलेला नाही! इथे ‘फाईल’ म्हणजे तुमचा जावाचा कोड. कुठलातरी महिरपी कंस बंद करायचा राहिलाय, म्हणून कोड संपला तरी कंपायलर वाट बघतोय. प्रोग्राम कंपाइल होऊन चालू होईपर्यंत डेटाची फाईल उघडलीच जात नाही. एवढं पक्कं ध्यानात ठेवलंत तर निम्मा त्रास वाचेल.

दुसरी फसवी एरर म्हणजे ‘अनरिपोर्टेड एक्सेप्शन फाईलनॉटफाउंडएक्सेप्शन’. एक्सेप्शन म्हणजे प्रोग्राम चालताना येऊ शकणारी अडचण. मुलं म्हणतात, “सर, फाईल तर इथेच आहे!” असेलही. कंपायलर ती हरवली असं म्हणत नाही. उद्या ती सापडली नाही तर काय करायचं ठरवलंय, एवढंच तो विचारतो. मेनच्या ओळीत ‘थ्रोज’ लिहून त्या एक्सेप्शनचं नाव द्या, नाहीतर ट्राय-कॅच लावा. माझा आग्रह ट्रायच्या कंसातच स्कॅनर (मजकूर वाचून देणारं जावाचं साधन) उघडण्याचा, कारण तो मग आपोआप बंद होतो. ही सोय जावा 7 पासून आहे. पण ट्रायमध्ये जाहीर केलेला व्हेरिएबल बाहेर वापरलात, तर ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ येणारच. इम्पोर्ट विसरलात तरी हीच एरर येते. फाईलचा वर्ग (क्लास) जावा डॉट आयओमध्ये, स्कॅनरचा जावा डॉट युटिलमध्ये.

विंडोजवरचा फाईलचा पत्ता (पाथ) लिहिताना फार जपा. अवतरणचिन्हांत एकच बॅकस्लॅश आणि पुढे रोमन लिपीतलं लहान ‘यू’ आलं, जसं ‘युझर्स’ या फोल्डरचं नाव लहान अक्षरांत लिहिलं की येतं, तर ‘इल्लीगल युनिकोड एस्केप’ दिसते. पण रावेरचा लहान ‘आर’ किंवा भावाचा लहान ‘बी’ आला तर एरर येतच नाही! बॅकस्लॅशसह ती अक्षरं जावाची खास चिन्हं होतात, पत्ता आतून बिघडतो आणि चालवल्यावर फाईल सापडत नाही. ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते. बॅकस्लॅश दुहेरी लिहा किंवा सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा, तो विंडोजवरही चालतो.

स्कॅनरच्या कंसात फाईलचं नुसतं नाव अवतरणचिन्हांत दिलंत, तर तो फाईल उघडत नाही, ते नावच वाचून दाखवतो. आधी ‘न्यू फाईल’ लिहून त्यात नाव द्या.

अर्धविराम राहिला असेल तर सांगितलेल्या ओळीसोबत तिच्या वरची ओळही बघा. एकदम वीस एरर आल्या तर पहिलीच दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करा, बाकीच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

तरीही अडलं तर कोड आणि पूर्ण एरर घेऊन या. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा अर्धा फोटो नको, त्यात नेमकी पहिली ओळ कापली जाते.