शाबानमध्येच रमजानची तयारी
गेल्या रमजानचे रोजे आजारपणात, प्रवासात किंवा पाळीमुळे राहिले असतील, तर त्यांची कझा, म्हणजे राहिलेले रोजे भरून काढणं, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच उरकून घ्या. चहाचंही आत्ताच बघा. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्यांचं पहिल्याच रोज्याला दुपारी डोकं ठणकतं. हळूहळू एकेक कप कमी करत सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) आणि इफ्तारच्या चहावर या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रोजे ठेवावेत का, औषधाच्या वेळा काय, हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने डोस बदलू नका. कुराण पूर्ण करायचंय? 15 ओळींच्या प्रतीत एक पारा (कुराणाच्या तीस भागांपैकी एक) साधारण 20 पानांचा असतो. पाचही नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की दिवसाचा पारा होतो. सवय आतापासूनच लावा, रमजानमधल्या रात्रीच्या तरावीहच्या नमाजनंतर डोळ्यांवर झोप असते.