गुण शेवटी, नोंद आधी: कन्सोल गेमची परीक्षणे लिहू पाहणाऱ्यांसाठी

गेमची परीक्षणे लिहायची आहेत असे सांगत माझ्याकडे येणाऱ्या ठाणे-कळव्याच्या आणि ऐरोली-घणसोलीच्या बहुतेक मुलांचा पहिला प्रश्न गेम फुकट कसे मिळतात हा असतो आणि दुसरा, गुण कसे द्यायचे हा. पहिल्याचे उत्तर थोडेसे निराश करणारे आहे, म्हणून ते शेवटाकडे ठेवतो. दुसऱ्यावर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. हे काम करताना, आणि अलीकडे इतरांचे मजकूर तपासताना, माझे असे ठाम मत झाले आहे की गुण हा परीक्षणाचा सर्वांत कमी भरवशाचा भाग असतो, आणि तो कोणत्या यंत्रावर, गेमच्या कोणत्या आवृत्तीवर व किती खेळून दिला आहे हे सोबत लिहिलेले नसेल, तर त्यावरून वाचकाला काहीही ठरवता येत नाही.

सुरुवात मोजपट्टीपासून करावी. जपानच्या ‘फामित्सू’ या गेमविषयक नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी 10 पैकी गुण देतात आणि बेरीज 40 पैकी होते, पैकीच्या पैकी गुण तिथे पहिल्यांदा मिळाले ते 1998 साली, ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ला. ‘आयजीएन’ हे गेमविषयक संकेतस्थळ पूर्वी दशांशात गुण देत असे, 2020 पासून पूर्णांक देऊ लागले. ‘युरोगेमर’ या दुसऱ्या संकेतस्थळाने 2015 मध्ये गुण देणेच बंद केले होते आणि 2023 मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपाने ते पुन्हा सुरू केले. या सगळ्या वेगवेगळ्या पट्ट्यांवरची मापे ‘मेटाक्रिटिक’ हे 2001 मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ 100 च्या एकाच पट्टीवर आणते आणि त्यांची भारित सरासरी काढते, म्हणजे काही प्रकाशनांच्या गुणांना जास्त वजन देते. कोणत्या प्रकाशनाला किती भार, हे मात्र ते जाहीर करत नाही. ‘ओपनक्रिटिक’ हे अशाच प्रकारचे संकेतस्थळ साधी सरासरी काढते आणि किती टक्के परीक्षकांनी गेमची शिफारस केली हेही सोबत देते. नवख्या लेखकाने ही दुसरी टक्केवारी आधी पाहावी, असा माझा आग्रह असतो, कारण विकत घेणाऱ्याच्या प्रश्नाच्या ती अधिक जवळ जाते.

मेटाक्रिटिकवर चित्रपटाला 61 पासून हिरवा, म्हणजे ‘चांगला’ सांगणारा, रंग मिळतो, गेमला मात्र त्यासाठी 75 गाठावे लागतात. गेमच्या समीक्षेत गुणांची महागाई किती मुरली आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही. एकेकाळी दहावीला 75 टक्के मिळाले की पेढे वाटले जात आणि आता 90 सांगितले तरी शेजारी ‘बरे आहेत’ म्हणतात, तशीच ही गत आहे. 10 पैकी 7 गुण मिळालेला गेम खराब असल्याचे गृहीत धरणारे वाचक मी रोज पाहतो, आणि त्यांना पूर्ण दोष देता येत नाही, कारण आपणच 1 ते 5 हा अर्धा भाग वापरायचा सोडून दिला आहे. म्हणून पहिले परीक्षण लिहिण्याआधी आपल्या पट्टीवरच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या त्या आकड्यासमोर आपण खेळलेल्या एकेका गेमचे नाव टाकावे. तुम्ही ज्या प्रकाशनासाठी लिहिता त्याची पट्टी ठरलेली असेल, तर तिचे वर्णन संपादकांकडून मागून घ्यावे. ते लेखी स्वरूपात नाही असे उत्तर आल्यास आश्चर्य वाटू देऊ नये.

सरासरी काय लपवते हे समजण्यासाठी मी शिकणाऱ्यांना नेहमी एकच गेम देतो. ‘डेथ स्ट्रँडिंग’ हा नोव्हेंबर 2019 मध्ये सोनीच्या पीएस4 (प्लेस्टेशन 4) या कन्सोलवर आला. ‘आयजीएन’ने त्याला 6.8 दिले, ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळाने 9 दिले, फामित्सूच्या चौघांनी 40 पैकी 40 दिले, आणि मेटाक्रिटिकवरची सरासरी 82 निघाली. 82 हा आकडा वाचून वाटते की गेम चांगला आहे, पण अपवादात्मक नाही. प्रत्यक्षात असे सांगणारे फारसे कोणीच नव्हते: पाठीवर सामान लादून ओबडधोबड डोंगर-दऱ्या तुडवत जाण्यात ज्यांना रस वाटला त्यांना तो अपूर्व वाटला, आणि ज्यांना वाटला नाही त्यांचा जीव मेटाकुटीला आला. या तिन्ही परीक्षणांतून गुण झाकून ठेवावेत, मजकूर वाचावा आणि कोणाला काय खटकले हे तीन रकान्यांत मांडावे. तक्रार आणि स्तुती अनेकदा एकाच गोष्टीबद्दल आहे असे दिसेल. ती गोष्ट नेमकी ओळखून वर्णन करता येणे हे या व्यवसायातले मूळ कौशल्य आहे, आणि ते आले की गुणांवरून होणाऱ्या भांडणांत फारसा जीव रमत नाही.

तरीही हा आकडा निरुपद्रवी नाही. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा 2010 चा गेम करणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओला मेटाक्रिटिकवर 85 मिळाल्यास जादा मोबदला मिळणार होता, मिळाले 84. ही गोष्ट स्टुडिओच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी 2012 मध्ये सांगितली. आपल्या अर्ध्या गुणाने कोणाचा तरी बोनस जाईल म्हणून गुण वाढवावेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. करार करणाऱ्यांनी चुकीची मोजपट्टी निवडली, तो भार परीक्षकाने का वाहावा? पण 7 की 7.5 याचा निर्णय पहाटे तीन वाजता, डोळे तारवटलेले असताना घेऊ नये, एवढी जबाबदारी आपल्यावर नक्की येते.

आता परिस्थितीची नोंद, जिला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ‘सायबरपंक 2077’ हा 10 डिसेंबर 2020 रोजी प्रसिद्ध झाला. त्याआधी परीक्षकांना केवळ पीसीवरची आवृत्ती दिली गेली होती आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवण्याचीही परवानगी नव्हती. पीसीच्या आवृत्तीची सरासरी 86 आणि पीएस4 ची 57, असा फरक पुढे समोर आला, आणि सोनीने आठवडाभरात हा गेम आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो परत आला जून 2021 मध्ये. पहिल्या दिवसाच्या परीक्षणांत खोटे असे काही नव्हते. पण ज्यांनी ‘हा मजकूर पीसीवर खेळून लिहिला आहे, कन्सोलवरची आवृत्ती पाहायला मिळालेली नाही’ हे वाक्य ठळकपणे वर लिहिले, त्यांच्या वाचकांचे पैसे वाचण्याची शक्यता तरी होती.

त्यामुळे खेळताना शेजारी वही असावी. माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यासाठी देतो (परफॉर्मन्स मोडमध्ये चित्राच्या सफाईपेक्षा वेगाला प्राधान्य असते, क्वालिटी मोडमध्ये उलट): ‘पीएस5, परफॉर्मन्स मोड, आवृत्ती 1.02. पावसातला बाजार: कॅमेरा फिरवताना फ्रेम अडखळतात. सेव्ह पुन्हा लोड करून तेच. क्वालिटी मोडमध्ये तपासणे.’ यातली शेवटची दोन वाक्ये महत्त्वाची आहेत, कारण एकदाच दिसलेला दोष आणि पुन्हा पुन्हा दिसणारा दोष यांची किंमत सारखी नसते. प्रकाशनाच्या दिवशी येणारा पॅच (दुरुस्तीचे अपडेट) बसवण्याआधी दिसलेला दोष त्यानंतरही उरला आहे का, हेही पाहावे लागते. आपल्या हवामानाची आणखी एक अडचण आहे. पीएस5 साठी सोनीने 5 ते 35 अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे, आणि ठाण्यात एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीखालच्या खोलीत ते सहज ओलांडले जाते. पंख्याची घरघर वाढली किंवा यंत्राने तापल्याची सूचना दिली, तर तो गेमचा दोष म्हणून लिहिण्याआधी तोच भाग रात्री खिडक्या उघडून पुन्हा खेळावा. निन्टेंडोच्या स्विचसाठी, म्हणजे हातात धरूनही खेळता येणाऱ्या कन्सोलसाठी, मात्र बाहेर पडणे बरे. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर उन्हात स्क्रीन दिसते का आणि हातात धरून खेळताना संवादांची अक्षरे वाचता येतात का, या दोन्ही गोष्टींचा निकाल तुर्भे येईपर्यंत लागतो. घरच्या मोठ्या टीव्हीवर तो कधीच लागत नाही.

रिव्ह्यू कोडसोबत, म्हणजे परीक्षणासाठी गेम फुकट उतरवून घ्यायला मिळणाऱ्या कोडसोबत, येणारे एम्बार्गोचे (प्रसिद्धीवरच्या बंधनाचे) पत्र शब्दन् शब्द वाचावे. त्यात परीक्षण कधी प्रसिद्ध करायचे आणि कथेचा कोणता भाग उघड करायचा नाही, हे दिलेले असते. वेळ बहुधा परदेशातली असते: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि तिकडची घड्याळे मागे गेली की साडेआठ. हा एक तास चुकला तर संबंध बिघडतात. प्लेस्टेशनचा कोड ज्या प्रदेशाचा असेल त्याच प्रदेशाच्या खात्यावर चालतो, म्हणून कोड मागतानाच आपले खाते भारतातले आहे हे कळवावे. कोडवरून उतरवायची गेमची फाइल 100 जीबीच्या आसपास असली आणि त्यातच देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस आला, तर अर्धा आठवडा हातचा जातो. इन्व्हर्टरवर राउटर ठेवण्याचा खर्च या व्यवसायात चैनीचा समजू नये.

जाहिरातदाराचा दबाव नवख्याला सहसा थेट जाणवत नाही, पण तो असतो हे माहीत असावे. ‘गेमस्पॉट’चे जेफ गर्स्टमन यांनी 2007 मध्ये ‘केन अँड लिंच: डेड मेन’ला 6 गुण दिले, तेव्हा त्याच गेमच्या जाहिराती त्या संकेतस्थळावर झळकत होत्या, त्यानंतर त्यांची नोकरी गेली, आणि त्यामागच्या दबावाबद्दल ते 2012 मध्ये उघडपणे बोलले. खेळाडूंच्या गुणांनाही डोळे झाकून लोकमत मानू नये. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ जून 2020 मध्ये आला, तेव्हा गेम संपवणे शक्यच नव्हते इतक्या लवकर शून्याचा पाऊस पडू लागला, आणि त्यानंतर मेटाक्रिटिकने नव्या गेमवर खेळाडूंना पहिले 36 तास गुण देता येणार नाहीत असा नियम केला.

लिहिताना समोर कोणता वाचक धरावा, याबद्दल माझे उत्तर ठरलेले आहे. आमच्या सोसायटीतला एक बारावीचा मुलगा वर्षातून एकच नवा गेम घेतो, तोही दिवाळीत. ‘दादा, घेऊ का थांबू?’ एवढेच तो विचारतो. मोठ्या गेमला चार-पाच हजार रुपये पडतात, आणि स्टेशनजवळच्या दुकानात खेळून झालेली डिस्क परत घेतली जाते. त्यामुळे पंधरा तासांत संपणारा उत्तम गेम डिस्कवर परवडतो, पण तोच डिजिटल घेतला तर पैसे अडकतात. परदेशी परीक्षणात हा हिशेब येत नाही, तो आपण लिहायचा. या मुलाकडे मात्र एक्सबॉक्स सिरीज एस आहे, आणि त्या यंत्राला डिस्कची खाचच नाही. तेव्हा त्याच गेमबद्दल त्याला मी दिलेले उत्तर डिस्क वापरणाऱ्या त्याच्या मित्राला दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळे होते.

राहिला पैशाचा प्रश्न. कोड फुकट मिळतो, पण तो मिळण्याआधी स्वतः विकत घेतलेल्या किंवा मित्राकडून आणलेल्या गेमवर लिहिलेली परीक्षणे दाखवावी लागतात, आणि कोड मिळाला म्हणून मानधन मिळेलच असे नाही. मिळते तेव्हाही तीस-चाळीस तास खेळून लिहिलेल्या मजकुराचा ताशी हिशेब मांडला, तर शिकवणी घेणे परवडते. माझ्या ओळखीचे जवळजवळ सगळे महापे किंवा वागळे इस्टेटमधली दिवसाची नोकरी सांभाळून हे करतात. मराठीत लिहाल तर जागा कमी पण स्पर्धा त्याहून कमी. इंग्रजीत काम अधिक, आणि रांगही लांब. संपादकांना नमुने पाठवताना तीन पुरेत: एक गाजलेल्या गेमवरचा, एक सर्वांनी नावाजलेल्या पण तुम्हाला न पटलेल्या गेमवरचा, आणि एक छोट्या स्टुडिओच्या गेमवरचा, यासाठी पुण्यात तयार झालेला 2020 चा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ चांगला आहे, कारण तो अनेक कन्सोलवर आलेला असल्याने तुलना करता येते. प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर यंत्र, आवृत्ती, खेळलेले तास आणि गेम विकत घेतला की मिळाला, या चार गोष्टी लिहाव्यात. गुण द्यायचे की नाही हे संपादकांवर सोडावे.