तबली मोकळी ठेवा: आठवणींची गिटार घडवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

गिटारवर काहीतरी खास आपलं हवं म्हणून येणारी माणसं बहुतेक वेळा पुढच्या तबलीकडेच, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीकडेच, बोट दाखवतात. सगळ्यात मोठी, सपाट, मोकळी जागा तीच दिसते ना! इथे आईचं चित्र काढा, इथे बाळाच्या पावलांचे ठसे घ्या. गिटारवर अशा आठवणी जडवण्या-कोरण्याच्या या कामात नव्याने उतरणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की त्या जागेला शक्यतो हात लावू नका. अकूस्टिक गिटारचा आवाज तिथेच तयार होतो.

स्प्रूस या लाकडाची तबली साधारण २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची असते आणि स्टीलच्या सहा तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण ती पेलते. तो ताण सोसून ती मोकळेपणी थरथरली पाहिजे. रंगाचे जाड थर चढवले की ती जड होते, आवाज दबतो. तबलीचं महत्त्व किती, हे स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस यांनी १८६२ सालीच दाखवून दिलं. त्यांनी एका गिटारची पाठ आणि कडा चक्क कागदी लगद्याच्या केल्या, तबली मात्र उत्तम लाकडाची ठेवली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

मग आठवणी ठेवायच्या कुठे? हेडस्टॉक (तारांच्या खुंट्या असतात ते टोक), फ्रेटबोर्ड (बोटांनी तारा दाबतात ती लांब पट्टी), आवाजाच्या भोकाभोवतीचं कडं, कडेची पट्टी आणि पाठ. एवढी जागा पुरते. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९३३ साली जीन ऑट्री या गायकासाठी पहिली डी-४५ बनवली, तेव्हा त्याचं नाव शिंपल्यात कापून फ्रेटबोर्डवर बसवलं आणि कडेने शिंपल्याची झळाळती पट्टी फिरवली. मधलं लाकूड मोकळंच. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याची नक्षीही पाहा, तीसुद्धा तबलीच्या कडेकडेने फिरते.

आता गिऱ्हाइकाशी बोलणं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, त्यामुळे घाई करू नका. साताऱ्याकडचे एक काका आजोबांच्या कीर्दीचं, म्हणजे जमाखर्चाच्या वहीचं, पान घेऊन आले होते. त्यात मोडी लिपीत एक नोंद होती: मुलीसाठी बाजाची पेटी घेतल्याची. ती मुलगी म्हणजे काकांची आई. आता काकांची नात गिटार शिकतेय, तर ती अख्खी ओळ तिच्या फ्रेटबोर्डवर हवी. मी विचारलं, "काका, या ओळीतला तुमचा सगळ्यात लाडका शब्द कोणता?" क्षणभरही न थांबता म्हणाले, "पेटी!"

तो एक शब्द हेडस्टॉकवर घ्यायचं ठरलं. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं जोडत जातात. ती जोडणारी रेघ शिंपल्यात कापायची तर एक मिलिमीटरहूनही बारीक होते आणि मोडते. शिंपला फार ठिसूळ. म्हणून शिंपल्याची एक लंबगोल चकती बसवली, तिच्यावर शब्द कोरला आणि कोरीव रेघांत काळा रंग भरला. वरची रेघ मात्र हेडस्टॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळेच्या पातळ पट्टीची केली. आजोबांनी पानावर जशी आधी रेघ मारली असेल, तशी आम्हीही ती आधी बसवली. काकांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, तेव्हा या कामावरचा माझा जीव आणखी जडला.

फ्रेटबोर्डवर काही बसवायचं असेल तर आधी मापं घ्या, चित्र नंतर. ६४५ मिलिमीटरच्या स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) पहिल्या फ्रेटची, म्हणजे धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपर्यंतची, जागा सुमारे ३६ मिलिमीटर लांब असते. बाराव्याची १९, पंधराव्याची फक्त १६. वहीत सुंदर दिसणारं जास्वंदीचं फूल तिथे ठिपका होऊन बसतं. चित्र कायम खऱ्या मापात काढा आणि हातभर अंतरावरून बघा. ओळखू आलं नाही तर सोपं करा.

दुसरी गोष्ट गोलाईची. स्टीलच्या तारांच्या गिटारचा फ्रेटबोर्ड आडवा किंचित फुगीर असतो; १६ इंच त्रिज्या घ्या. त्यावर ५४ मिलिमीटर रुंद सपाट तुकडा बसवून घासला, तर कडेला जवळजवळ ०.९ मिलिमीटर झिजतो. शिंपला मुळात दीड मिलिमीटर जाड, म्हणजे कडेला उरला किती? म्हणून रुंद चित्र लहान लहान तुकड्यांत करायचं आणि कोरीवकाम घासून झाल्यावरच करायचं. फटी बुजवायला इपॉक्सी गोंदात एबनी या काळ्या लाकडाचा भुसा कालवतात. काळ्या लाकडात ती फट डोळ्याला दिसत नाही.

शिंपला कापताना उडणारी पूड फुफ्फुसांना घातक आहे. बारीक धुळीसाठीचा चांगला मास्क लावा, पाण्याने ओलं ठेवून कापा, पूड शोषून घेणारा पंखा जवळ असू द्या. साधा रुमाल चालणार नाही. मी याबाबत कोणाचंही ऐकून घेत नाही.

गिटार परदेशातल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे जाणार असेल तर लाकूड आधी ठरवा. रोजवूडची, म्हणजे शिसवाच्या कुळातली, अख्खी डॅलबर्जिया प्रजाती २०१७ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनात आली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडला मात्र १९९२ पासून सगळ्यात कडक नियम आहे, ते टाळाच. हस्तिदंताचं तर नावही काढू नका. घडवलेलं हाड तितकंच देखणं दिसतं.

शिकायचं कुठे, हे सगळे विचारतात. गिटार दुरुस्तीच्या कार्यशाळेत उमेदवारी करा. तुटलेली वाद्यं उघडली की आतली रचना आपोआप कळत जाते. मिरजेला जाऊन सतारमेकरांचं काम तासभर नुसतं बघा. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते का, हे त्यांचे हात बघितले की समजतं. शिंपला कापायची बारीक करवत चालवायला मात्र सोनाराकडून शिका. पातं ताणून, दात खाली करून बसवायचं, हात सरळ वरखाली ठेवायचा आणि वळण आलं की तुकडा फिरवायचा.

शिंपला महाग, म्हणून सराव हाडाच्या पातळ तुकड्यावर करा. कागदावर काढलेलं अक्षर त्यावर चिकटवा. 'क' घ्या: उभी सरळ रेघ आहे, उजवीकडचं वळण आहे आणि डावीकडच्या गोलाच्या आतली जागा कापायला आधी बारीक भोक पाडून पातं त्यातून ओवावं लागतं. पुढे लागणारं जवळपास सगळं त्या एका अक्षरात आहे.