शेडमध्ये पोर्टा केबिन बसवताना

पोर्टा केबिन मागवताना आकार, रंग आणि किंमत आधी ठरते. ती नेमकी कुठे ठेवायची, हे मात्र हायड्रा (केबिन उतरवणारी फिरती क्रेन) गेटवर येऊन उभा राहिल्यावर ठरतं. पुढच्या निम्म्या कटकटी इथूनच सुरू होतात. कोटेशन मागवण्याआधी शेडचा साधा नकाशा कागदावर काढा आणि चार दिवस प्रत्येक शिफ्टमध्ये सुपरवायझर, स्टोअरवाला आणि क्वालिटीचा माणूस कुठून कुठे जातात त्याच्या रेघा त्यावर मारत राहा. जिथे रेघांची गर्दी दिसेल त्याच्या कडेला केबिन हवी, गर्दीच्या मधोमध नव्हे. मेन ऑफिसजवळ जागा रिकामी होती म्हणून तिथे टेकवलेली केबिन वर्षभरात जुन्या फायलींची खोली होते.

शेडच्या आत ठेवायची असेल तर आधी वर बघा. ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवर चालणारी क्रेन) ज्या पट्ट्यातून भार नेते त्याखाली केबिन नको, छत कितीही मजबूत असो. फोर्कलिफ्टच्या वाटेपासून निदान एक मीटर सोडा, त्या बाजूच्या कोपऱ्यांना कोब्यात पाइपचे खुंट रोवा आणि दार वाटेकडे उघडू देऊ नका. केबिनमुळे बाहेर पडायचं आपत्कालीन दार झाकलं जात नाही ना, हे मंजूर नकाशावर तपासा. नकाशात बदल होत असेल तर कारखाना खात्याला आधी दाखवा. ‘तात्पुरती आहे’ हे कारण तपासणीत चालत नाही. फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, वाऱ्याचाही विचार हवा. आपल्या बेळगाव भागात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे भट्टी आणि शेक-आउटच्या (वाळूचा साचा फोडून जॉब काढायच्या जागेच्या) पूर्वेला ठेवलेल्या केबिनमध्ये चार महिने धूर आणि काळी वाळू.

आकाराचा हिशेब माणसांवरून करा. १९४८ च्या जुन्या कारखाने कायद्यात कामगारामागे १४.२ घनमीटर जागा धरली होती, तीच पट्टी इथेही लावा. २० बाय १० फुटांची, आतून साडेआठ फूट उंच केबिन सुमारे ४८ घनमीटरची होते, म्हणजे तीन माणसांची. पाच टेबलं मांडायचा मोह आवरा. रुंदी ठरवताना रस्ताही बघा. ८ फूट म्हणजे २.४४ मीटर, ती साध्या ट्रकवर येते. १० फुटी केबिन ३.०५ मीटर भरते आणि वाहनाची २.६ मीटरची मर्यादा ओलांडते. पुण्याहून हायवेने निपाणीपर्यंत ती येईलही, पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आतल्या गल्लीत वळणावर आणि खाली लोंबणाऱ्या वायरींत अडकेल. अशा ठिकाणी सुट्या पॅनेलची, जागेवर जोडायची केबिन घ्या. आत शेडमध्ये न्यायची असेल तर तीच बरी, शटरमधून सहज जाते.

आता पाया. केबिन हलकी म्हणून चार विटांवर ठेवायची पद्धत आहे, आणि दार घासण्याचं मूळ तिथेच आहे. बेळगाव, खानापूरच्या तांबड्या मुरमाड जमिनीवर फारसा त्रास होत नाही. बैलहोंगल, गोकाक, अथणीकडच्या काळ्या मातीत मात्र जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून खाली बसते. तिथे केबिनच्या मापापेक्षा चारी बाजूंनी अर्धा मीटर जास्त धरून ९०० मिमी माती काढा आणि मुरूम २०० मिमीच्या थरांनी पाणी मारून ठोकून भरा. वर काँक्रीटचा पाया, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३०० मिमी उंच. २० फुटी केबिनला टेकू निदान सहा ठिकाणी हवेत. नुसत्या चार कोपऱ्यांवर ठेवली तर मधली चॅनेल वाकते आणि खिडकी सरकेनाशी होते. काँक्रीटला सात दिवस पाणी मारल्याशिवाय वजन टाकू नका. केबिन टेकल्यावर दोन्ही कर्ण मोजा: ६.८२ मीटरच्या आसपास यायला हवेत, आणि दोघांत ५ मिमीहून जास्त फरक नको. दार घासायला लागलं की सुताराला बोलावून खालची कड तासली जाते. आधी पाणसाळ लावून बघा, नव्वद टक्के वेळा दोष दाराचा नसतो. पॉवर प्रेस किंवा हॅमर जवळ असेल तर त्याच्या फाउंडेशनला केबिनचा पाया जोडू नका आणि टेकूंवर निओप्रीन रबराचे पॅड घाला.

हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरकायचं. वळीव सुरू झाला की खड्ड्यात पाणी, आणि जूननंतर झड आडवी येते. पश्चिमेकडे खिडकी टाळता आली तर टाळा, नाहीतर वर दीड फुटाचं छज्जं घ्या. शेडच्या पन्हाळीखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली केबिन ठेवू नका. सपाट छतावर ती धार रोज आदळली की सांधा सुटणारच. सांध्यात न्यूट्रल सिलिकॉन भरा. स्वस्त, व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला गंज आणतं.

पॅनेल खरोखर पफचं (पॉलियुरेथेन फोमचं) आहे का, हे एसीसाठी कापलेल्या कडेवर दिसतं. नखाने दाबा: पफ पिवळसर आणि बारीक पोताचं असतं, पांढरे मणी सुटून आले तर आत थर्माकोल. ५० मिमी पफ उन्हाला पुरतं. पण पफ हलकं असतं, आवाज अडवायला वजन लागतं. कॉम्प्रेसर किंवा प्रेस शेजारी असेल तर रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) पॅनेल, दुहेरी काच आणि दाराला रबर गॅस्केट घ्या. दाराखाली बोटभर फट राहिली तर बाकीचा खर्च वाया. भट्टी आणि लॅडलच्या (वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याच्या) वाटेजवळही रॉकवूलच, कारण पफ पेटलं की विषारी धूर होतो.

वीज वेल्डिंगच्या लाइनवरून घेऊ नका, कॉम्प्युटर वारंवार बंद पडतील. लाइटिंगच्या पॅनेलवरून स्वतंत्र फीडर आणा. ४० मीटर अंतर आणि ३२ अँपिअर लोड धरला तर १० चौरस मिमी तांब्याची केबल लागते. ६ ची घातली तर व्होल्टेज जवळजवळ आठ व्होल्टने पडतं. आत लाइटला १.५, सॉकेटला २.५, एसीला ४ चौरस मिमी. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवीच, कारण केबिन म्हणजे पत्र्याचा डबा: एका वायरीची साल निघाली की अख्खी भिंत शॉक देते. चॅसीला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जीआय पट्टीने अर्थिंग द्या आणि जोडाखालचा रंग खरवडून काढा. रंगावरच बोल्ट आवळलेलं अर्थिंग दिसायला छान, कामाला शून्य. डीबीवरची (वीज वाटपाच्या बॉक्सवरची) नावं कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा, रात्रपाळीत कोण असेल सांगता येत नाही.

क्वालिटीची केबिन वेगळीच ठेवा. मापाचं प्रमाण तापमान २० अंश. मशीनवरून उतरलेला १०० मिमीचा स्टीलचा जॉब ३० अंशांना मोजला तर सुमारे साडेअकरा मायक्रॉन मोठा भरतो, अॅल्युमिनियमचा २३. एच७ या ठरलेल्या सूट-श्रेणीत या मापाला एकूण सूट ३५ मायक्रॉन, म्हणजे अॅल्युमिनियममध्ये दोन तृतीयांश सूट नुसती उष्णता खाते. जॉब मोजण्याआधी काही तास आतच ठेवा, आणि गेजही त्याच टेबलावर. एसीचा झोत थेट टेबलावर नको. बाहेरची हवा फिल्टर लावलेल्या छोट्या पंख्याने आत ढकलत राहिलात तर आतला दाब थोडा जास्त राहतो आणि दार उघडलं तरी धूळ आत शिरत नाही. एसीचं आउटडोअर युनिट ग्राइंडिंगच्या बाजूला लावू नका, महिन्याभरात कॉइल बुजते.

ताबा घेण्याआधी पश्चिमेकडच्या भिंतीवर आणि छताच्या सांध्यांवर वीस मिनिटं नळीने पाणी मारा, मग आत जाऊन खालच्या कडेवरून हात फिरवा. ओल लागली तर शेवटचा हप्ता थांबवा.