परग्रहावरच्या लढवय्यांच्या हाती ओबडधोबड शस्त्रं देताना या चुका टाळा

गेल्या वर्षी एका मित्राने त्याची विज्ञानकथा वाचायला दिली. पृथ्वीच्या एक तृतीयांश गुरुत्वाकर्षण असलेला ग्रह, तिथली चार हातांची लढाऊ जमात आणि प्रत्येकाच्या हाती दहा किलोची काटेरी लोखंडी गदा. कथा चांगली होती, पण पहिल्याच लढाईत मी अडखळलो. ही गदा ओतली कुणी? कुठल्या भट्टीत? चार हात असताना चारही हातांनी मिळून एकच गदा का धरायची? आणि ती जोरात फिरवल्यावर फिरवणारा जागेवर उभा कसा राहतो?

अशा कथा मी बऱ्याच वाचतो, लिहितोही. लढाईचा प्रसंग फसला की लेखक शब्द बदलत बसतो, रक्त वाढवतो, आरोळ्या वाढवतो. दुखणं बहुतेक वेळा शस्त्रात असतं.

ओबडधोबड म्हणजे अडाणी, असं धरून चालणं

ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. जमात रानटी दाखवायची, म्हणून शस्त्र कसंतरी बनवलेलं दाखवलं जातं. पण ज्याच्यावर स्वतःचा जीव अवलंबून आहे ती वस्तू कुणी कसंतरी बनवत नाही.

जर्मनीत शोनिंगेन इथल्या कोळशाच्या खाणीत लाकडी भाले सापडले. ते लाखो वर्षांपूर्वीचे आहेत आणि घडवणारे हात आपल्या प्रजातीचेही नव्हते. बहुतेक भाले स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सडपातळ खोडाचे आहेत. टोक बुंध्याकडच्या, म्हणजे सगळ्यांत टणक भागातून काढलंय. खोडाच्या मधोमध मऊ गाभा असतो, तो नेमका टोकावर येऊ नये म्हणून टोक किंचित बाजूला घेतलंय. नुसती टोकदार काठी करायला एवढा विचार लागत नाही. चांगला भाला करायला लागतो.

मेक्सिकोतल्या आझ्टेक लोकांचं माकुआवित्ल हे शस्त्रही असंच. लाकडाची फळी, तिच्या दोन्ही कडांना खाचा आणि खाचांत डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवलेली ज्वालामुखी काचेची पाती. चित्रात पाहिलं तर दात लावलेली क्रिकेटची बॅट वाटते. या काचेची ताजी धार पोलादाच्या धारेपेक्षा बारीक असते. स्पॅनिश सैनिक बेर्नाल दियासने या शस्त्राच्या एका घावात घोडीची मान तुटल्याचं लिहून ठेवलंय. पण ही काच ठिसूळ असते. कठीण वस्तूवर आपटली की पातं उडतं. म्हणजे हे शस्त्र वापरणाऱ्याला नेम असा धरावा लागतो की घाव मांसावर बसेल, ढालीवर नाही. आणि लढाईनंतर कुणीतरी बसून नवी पाती बसवावी लागतात. अस्सल म्हणून जपलेलं शेवटचं माकुआवित्ल माद्रिदच्या शाही शस्त्रागारात होतं, ते 1884 च्या आगीत जळालं.

तुमच्या कथेत लढाईनंतर पाती बसवणारी ती व्यक्ती कुठे आहे? तिला एक परिच्छेद द्या. लढाईची चार पानं जे करू शकत नाहीत ते तो परिच्छेद करतो. वाचकाला कळतं की या जमातीला हात आहेत, सवयी आहेत, घर आहे.

वजन वाढवलं की धाक वाढतो, असं समजणं

युरोपातल्या दोन हातांनी चालवायच्या लांब तलवारी साधारण दीड किलोच्या आसपास असायच्या. ‘स्टार ट्रेक’मध्ये क्लिंगॉन योद्ध्यांचं बॅटलेथ हे चंद्रकोरीसारखं शस्त्र 1990 मध्ये पहिल्यांदा दिसलं. ते डॅन करी यांनी घडवलं. पकडायला मधे जागा आणि दोन्ही टोकांना पाती अशी त्याची रचना असल्यामुळे ते पाहताक्षणी हात कुठे ठेवायचे हे कळतं. आकार म्हणून ते उत्तम आहे. पण मालिकेत त्याचं वजन पाच किलोच्या वर सांगितलंय, आणि तिथे मला पटत नाही. पाच किलोची वस्तू फिरवता येते, पण मधेच थांबवता येत नाही. लढाईत घाव हुकतातच, आणि हुकलेला घाव आवरता आला नाही तर पुढचा वार समोरच्याचा असतो.

कमी गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर तर हा घोळ दुप्पट होतो, आणि माझ्या मित्राची कथा इथेच अडली होती. तिथे वजन कमी होतं, वस्तुमान नाही. दहा किलोची गदा उचलायला हलकी लागेल, पण तिला गती द्यायला आणि गती आल्यावर रोखायला तेवढाच जोर लागेल जेवढा पुण्यात लागतो. त्यात पायाखालची पकड कमी, कारण घर्षण शरीराच्या वजनावर अवलंबून असतं. परिणाम असा की योद्धा गदा फिरवतो आणि गदा योद्ध्याला फिरवते. हे दाखवायचंच असेल तर दाखवा, सुंदर प्रसंग होईल. जमिनीत रुतणारे नख्यांचे पाय द्या, किंवा दोन हातांनी खांब धरून दोन हातांनी मारणारा योद्धा द्या. चार हात आहेत ना?

शस्त्र ग्रहाचं नसणं

कथेतला ग्रह वेगळा असतो आणि शस्त्र मात्र मध्ययुगीन युरोपातलं. ही चूक शोधायला सोपी आहे. स्वतःला विचारा: या ग्रहावर आग पेटते का? हवेत ऑक्सिजन नसेल तर भट्टी नाही. तांबं वितळायला 1085 अंश सेल्सिअस लागतात, लोखंडाला 1538. भाता नसलेल्या शेकोटीत यातलं काहीच होत नाही.

पण आग नाही म्हणजे धातू नाही, असंही नाही. उत्तर ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांनी केप यॉर्कच्या उल्केतलं लोखंड पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. ते वितळवलं नाही. दगडांनी ठोकून ठोकून छोटे तुकडे काढले, ते थंडच चपटे केले आणि हाडाच्या मुठीत बसवले. उल्केचा मोठा तुकडा पुढे अमेरिकी संशोधक रॉबर्ट पिअरी 1897 मध्ये घेऊन गेला आणि तो आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. एका जमातीचं सगळं लोखंड एका आकाशातून पडलेल्या दगडात असणं आणि तो दगड कुणीतरी उचलून नेणं, यात परग्रहावरची अख्खी कादंबरी दडलेली आहे.

प्रशांत महासागरातली किरिबाटीची बेटं तर याहून कठीण. प्रवाळाची सपाट बेटं, धातूची खाण नाही. तिथल्या लोकांनी शार्कचे दात नारळाच्या काथ्याने लाकडावर बांधून तलवारी केल्या. त्या तलवारींपासून वाचायला काथ्याचीच जाड चिलखतं विणली आणि डोक्याला काटेरी माशाच्या वाळलेल्या कातड्याचं शिरस्त्राण केलं. समुद्र आणि माड, एवढ्यावर सगळं उभं. ग्रहावर काय मुबलक आहे ते आधी ठरवा. शस्त्र त्यातून निघेल, आणि त्या शस्त्राला अडवणारं चिलखतही.

पाण्यात राहणारी जमात असेल तर गदा, कुऱ्हाड, तलवार विसरा. पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट असतं. फिरवायची वस्तू तिथे अडते, खुपसायची चालते. बंदुकीच्या बाबतीत उलटी चूक होते. निर्वात पोकळीत बंदूक चालणार नाही, असं पुष्कळ जण लिहितात. बंदुकीच्या दारूत शोरा असतो, तो जळणाला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतो. सोव्हिएत संघाने 1975 मध्ये सॅल्यूत 3 या अवकाशस्थानकावरून तोफ डागून पाहिली होती.

जोड विसरणं

पातं आणि दांडा जिथे मिळतात तिथे शस्त्र मोडतं. आमच्या गावी कुऱ्हाडीला दांडा बसवायचं काम आजोबा स्वतः करायचे. बाभळीचा दांडा तासून नेढ्यात ठोकायचे, मग वरून चीर पाडून लाकडाची पाचर मारायचे आणि कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या हौदात उलटी बुडवून ठेवायचे. लाकूड फुगतं, घट्ट बसतं. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की डोकं पुन्हा हलायला लागतं आणि ते काम पुन्हा करावं लागतं. सैल कुऱ्हाडीला हात लावायची आम्हा पोरांना सक्त मनाई होती.

कोरड्या ग्रहावरच्या योद्ध्याची पाचर सैल होईल का? दमट ग्रहावर त्याच्या कातड्याच्या वाद्या ताणतील का? लढाईच्या ऐन वेळी शस्त्र निकामी व्हायला हवं असेल तर ते या कारणाने होऊ द्या. आणि त्याआधी दोन पानं, पात्राला दांडा हलवून बघताना दाखवून ठेवा.

यान आहे, पण हातात सोटा का, हे न सांगणं

वाचक हा प्रश्न विचारतोच. ‘त्यांची परंपरा आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. पहिल्या महायुद्धाकडे पाहा. विमानं होती, मशिनगन होत्या, विषारी वायू होता, आणि तरी सैनिक लाकडी सोट्याला खिळे ठोकून रात्री शत्रूच्या खंदकात उतरत होते. काही सोटे तर सैन्याच्याच कार्यशाळांत बनले. कारण साधं होतं. खंदक अरुंद, लांब रायफल फिरवायला जागा नाही, आणि गोळीच्या आवाजाने सगळी फळी जागी होणार. अवकाशयानाचे बोळ खंदकाहून रुंद नसतात, आणि भिंतीला भोक पडलं तर मारणारा आणि मरणारा दोघेही संपतात. तुम्हाला याहून चांगलं कारण सापडणार नाही.

दुसरं कारण मानाचं. न्यूझीलंडच्या माओरींनी एकोणिसाव्या शतकात बंदुका मिळवल्या आणि आपापसांत भयंकर युद्धं केली, पण हिरव्या दगडाची ‘मेरे’ ही छोटी गदा सरदारांच्या हातून सुटली नाही. ती वंशपरंपरेची वस्तू होती. तिसरं म्हणजे यान त्यांचं नसणं, लुटलेलं किंवा विकत घेतलेलं असणं. मग दुरुस्ती कोण करतं ते सांगावं लागेल.

खऱ्या माणसांची शस्त्रं उचलून त्यांना राक्षस ठरवणं

ही चूक तांत्रिक नाही, आणि मला सगळ्यांत जास्त टोचते ती हीच. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या वाळवंटी टोळीवाल्यांच्या हातातला सोटा फिजीच्या ‘तोतोकिया’ या युद्धगदेवर बेतलेला आहे. फिजीत ती मानाची वस्तू होती. तिच्या चोचीसारख्या टोकाचा घाव नेमका एका बिंदूवर बसावा, अशी तिची घडण. पडद्यावर ती आली आणि फिजीचं नाव मागे राहिलं.

प्रेरणा घेऊ नका असं मी म्हणत नाही. मीही घेतो. पण आकार उचलण्याऐवजी कारण उचला. माओरींचं ‘तेफातेफा’ (tewhatewha) हे शस्त्र दिसतं कुऱ्हाडीसारखं, पण त्याचं रुंद पान कापायला नसतं. पानामुळे मागे वजन येतं आणि घाव समोरच्या सरळ कडेने बसतो. हे तत्त्व घ्या, त्याला तुमच्या ग्रहाचं लाकूड द्या, वेगळा देह द्या. मग ते तुमचं होईल आणि कुणाच्या पूर्वजांची विटंबना होणार नाही. भिल्लांचं धनुष्य किंवा आपला दांडपट्टा हिरव्या कातडीच्या क्रूर जमातीच्या हाती जसाच्या तसा दिला तर आपल्याला कसं वाटेल?

मित्राच्या कथेचं पुढे काय झालं

आम्ही बसून गदा काढून टाकली. लहानपणी मी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसायचो, तेव्हा आजीने विणलेली गोफण असायची. एका टोकाचा फास बोटात, दुसरं टोक चिमटीत, मधल्या झोळीत खडा. डोक्यावरून गरकन फिरवून चिमूट सोडली की टोकाचा चाबकासारखा आवाज व्हायचा आणि खडा पोहोचायच्या आधीच पाखरांचा थवा उठायचा. तिला धातू लागत नाही, भट्टी लागत नाही, आणि पायाखालची पकडही फारशी लागत नाही. गुरुत्वाकर्षण एक तृतीयांश असेल आणि हवा विरळ असेल तर त्याच वेगाने सुटलेला दगड जवळपास तिप्पट लांब जातो.

आता त्या कथेत चार हातांचे योद्धे खडकाच्या कपारीत बसतात. दोन हात कपार धरतात, तिसरा गोफण फिरवतो, चौथा पुढचा दगड निवडत असतो. जमिनीवर उतरलेल्या माणसांना आधी फक्त आवाज ऐकू येतो.