चिठ्ठ्या टाकून अंदाज काढता ना? मंग या चुका टाळा

आमच्या शेतकरी गटात दर सप्टेंबरात एकच वाद, यंदा सोयाबीन एकरी किती होईल, कारण बारदाना, म्हणजे रिकामी पोती, किती आणायचा, गोडाऊन किती धरायचं ते त्याच्यावरच ठरते. आधी मीटिंग म्हणजे काय, तर काका खुर्चीवर बसल्याबसल्या म्हणत "आठ", बाकीच्यांच्या माना हलल्या की झालं एकमत. एका वर्षी अर्धा बारदाना उरला अन् उंदरांनी खाल्ला.

मंग डेल्फी पद्धत धरली. अमेरिकेच्या रँड संस्थेत १९५० च्या दशकात निघालेली, नाव ग्रीसमधल्या भविष्य सांगणाऱ्या देवस्थानावरून, म्हणजे आपल्या भेंडवळच्या घटमांडणीची आठवण यावी असंच. पण इथं देव नाही, चिठ्ठ्या आहेत. नाव न लिहिता आकडा आणि कारण लिहायचं, सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवायची, अन् पुन्हा लिहायचं.

पहिल्याच वर्षी घोळ. नऊ चिठ्ठ्या आल्या: २, ४, ४, ५, ५, ६, ६, ७ अन् १५. सरासरी काढली तर ६. पण तो पंधरावाला भाऊ हेक्टरी लिहून बसला होता, म्हणजे एकरी सहाच! चूक त्याची नाही, आम्ही फळ्यावर नुसतं "सोयाबीन किती?" लिहिलं होतं. एकरी, क्विंटलमधे, वाळवून, कोणत्या शिवारात, हे सगळं प्रश्नातच पाहिजे. अन् सरासरी सोडा, चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घ्या, तो ५ होता, एका पंधरानं तो हलत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टननं १९०७ मधे हेच दाखवलं, इंग्लंडच्या जत्रेत बैलाचं मांस किती भरेल याच्या ७८७ चिठ्ठ्या, मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८.

दुसरी चूक, अक्षर. गावात काकांचा दांडीवाला ७ कोण ओळखत नाही? आता गटातली एक पोरगी सगळ्या चिठ्ठ्या मोबाईलमधे उतरवते अन् तीच वाचते.

सगळ्यात मोठी चूक मात्र दुसऱ्या फेरीत होते. २ वाल्याला पोट्टे हसले, अन् दुसऱ्या फेरीत त्यानं गुपचूप ५ केले. आता याला एकमत म्हणायचं काय बावा? त्याचं कारण कोणी वाचलंच नव्हतं, "नाल्याकाठी पिवळा मोझॅक रोग सुरू झाला". कारण वाचून तिसरी फेरी घेतली तर मधला आकडा ४ वर आला, तवा कुठं दोघंजण नाल्याकडची वावरं पाहून आले.

फेऱ्या दोनतीन बस, चौथीला लोक कंटाळून दुसऱ्याचाच आकडा लिहितात. शेवटी मतं जुळलीच नाही तर "३ ते ५" असंच लिहा, बारदाना ४ च्या हिशोबानं आणा अन् जास्तीचा कुठून मिळेल ते आधीच विचारून ठेवा.

अन् चिठ्ठ्या फेकू नका, दिवाळीनंतर काट्यावरच्या पावत्यांशी लावून पाहा. आमच्याकडं काकाच दोन वर्षं सगळ्यात लांब निघाले, आता चिठ्ठी लिहिण्याआधी वावरात चक्कर मारून येतात.